विश्लेषण : थंडीत सायकल चालवताना एक जाड जाकीट का पुरत नाही?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाच्या सुमारास पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरमधून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर सायकलस्वारांचे घोळके दिसू लागतात. हवा कोरडी, उन्हाचा तडाखा नाही, घाटात वाहनांची वर्दळ कमी. सायकल चालवायला वर्षातला हाच उत्तम काळ. पण याच दिवसांत दोन प्रकारचे सायकलस्वार अडचणीत येतात. पहिला, अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर निघालेला आणि घाट उतरताना हुडहुडी भरलेला. दुसरा, जाड जाकीट चढवून निघालेला, अर्ध्या तासात घामाने निथळलेला आणि नंतर त्याच ओल्या कपड्यांत काकडणारा. दोघांचीही चूक एकच. त्यांनी घराच्या दारात उभे राहून जाणवलेल्या थंडीप्रमाणे कपडे निवडले. सायकलवरची थंडी दर अर्ध्या तासाला बदलते. म्हणूनच एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ थर घालावेत, असे जाणकार सांगतात. या थरांमागचे शास्त्र काय आणि कोणत्या तापमानाला काय घालावे, याचा हा आढावा.

महाराष्ट्रातली थंडी वेगळी कशी?

राज्याच्या पठारी भागातल्या थंडीचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे एकाच दिवसातला मोठा फरक. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडते, त्यामुळे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. सूर्य वर आला की तीच जमीन तितक्याच झपाट्याने तापते. दुपारी तापमान २८ ते ३० अंशांवर जाते. सकाळी सहाला निघून अकराला परतणारा सायकलस्वार पाच तासांत जणू दोन ऋतू ओलांडतो.

दुसरी गोष्ट उंचीची. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हा सर्वसाधारण नियम. पण हिवाळ्यातल्या पहाटे तो अनेकदा उलटा पडतो. थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात, नदीकाठी, ओढ्याजवळ साचते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या परिसरात गवतावर आणि गाड्यांच्या टपावर हिमकण दिसल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्याच वेळी गावात तेवढी थंडी नसते. निफाडचा पारा घसरल्याची बातमीही अशीच दरवर्षीची. सायकलस्वाराला हा फरक लगेच कळतो. रस्ता पुलाकडे उतरू लागला की अचानक गार हवेचा झोत लागतो आणि चढ सुरू झाला की तो नाहीसा होतो. मोबाइलवर दिसणारे तापमान शहराचे असते, त्या ओढ्याचे नसते.

वाऱ्यामुळे थंडी किती वाढते?

शरीराभोवती गरम हवेचा एक पातळ थर सतत असतो. उभ्या माणसाला तो उबदार ठेवतो. सायकल चालू लागली की वारा तो थर उडवून लावतो. शरीर नवा थर तयार करते, वारा तोही नेतो.

अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान यंत्रणा २००१पासून वारा आणि तापमान एकत्र करून ‘जाणवणारी थंडी’ मोजण्यासाठी एक सूत्र वापरतात. त्या सूत्रानुसार १० अंश तापमानात ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला सुमारे ७ अंशांइतकी थंडी जाणवते. ताशी ४० किलोमीटरला ती सुमारे ६ अंशांवर येते. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर हा साधा वेग आहे आणि घाटाच्या उतारावर ४० सहज गाठला जातो. वारा मुळीच नसलेल्या सकाळीही सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतः तयार करत असतो. त्यात समोरून खरा वारा आला तर दोन्हींची बेरीज होते.

हा वारा सगळीकडे सारखा लागत नाही. छाती, पोट, मांड्यांची पुढची बाजू, गुडघे आणि हँडलवरचे हात यांना तो थेट झोडपतो. पाठ मात्र तुलनेने सुरक्षित असते आणि घामही तिथेच अधिक साचतो. म्हणून सायकलसाठी बनवलेल्या अनेक जाकिटांत पुढची बाजू वारा अडवणारी आणि पाठ जाळीची असते.

चढावर एवढे गरम का होते?

माणसाचे शरीर इंजिनासारखेच बऱ्यापैकी उधळे आहे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पॅडलपर्यंत पोहोचते. बाकीची उष्णता होते.

सिंहगडाचे उदाहरण घेऊ. पायथ्यापासून गडाच्या वाहनतळापर्यंतच्या घाटरस्त्यावर सुमारे ६०० मीटरची चढाई आहे. ७० किलो वजनाचा सायकलस्वार साधारण १२ किलोची सायकल आणि सामान घेऊन तो घाट एका तासात चढला, तर पायांतून सरासरी दीडशे वॉटच्या जवळपास काम होते. त्यासाठी शरीर तयार करते ती उष्णता पाचशे वॉटच्या आसपास. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो. म्हणजे बसलेला माणूस जुन्या काळचा शंभर वॉटचा एक दिवा असेल, तर घाट चढणारा सायकलस्वार असे पाच दिवे घेऊन चाललेला असतो. त्यातही चढावर वेग ताशी आठ-दहा किलोमीटर, म्हणजे वारा जवळपास नाहीच.

माथ्यावर पोहोचून परतीचा उतार सुरू झाला की सगळे क्षणात उलटे होते. पॅडल थांबते, पाचातले चार दिवे विझतात आणि वारा चौपट होतो. कपडे मात्र तेच असतात आणि तेही घामाने भिजलेले. थंडीतल्या सायकलिंगमधला खरा धोका या उतरणीत आहे.

घाम शत्रू कसा होतो?

घाम हा शरीराचा मित्र आहे, पण तो जागच्या जागी वाळला पाहिजे. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता खर्च होते. उन्हाळ्यात हे वरदान. हिवाळ्यात उतारावर हाच हिशेब अंगाशी येतो. समजा कपड्यांत वाटीभर, म्हणजे १०० मिलीलिटर घाम मुरला आहे. तो वाळायला सुमारे २४० किलोज्यूल लागतात. ही सगळी उष्णता अंगातूनच गेली आणि शरीराने नवी तयार केली नाही असे धरले, तर ७० किलोच्या माणसाचे तापमान एका अंशाने उतरेल एवढा हा खर्च आहे. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते आणि शरीरही गप्प बसत नाही. पण ओल्या बनियनवर घाट उतरताना दात का वाजतात, हे या आकड्यातून कळते.

शिवाय पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कपड्याची ऊब ही खरे तर धाग्यांत अडकलेल्या हवेची ऊब असते. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की स्वेटर कितीही जाड असला तरी उपयोग उरत नाही. म्हणून थंडीतल्या सायकलिंगचा पहिला नियम ‘ऊब धरा’ असा नसून ‘कोरडे राहा’ असा आहे.

पहिला थर : अंगालगतचा

या थराचे काम ऊब देणे नाही, तर घाम त्वचेपासून उचलून बाहेर ढकलणे हे आहे. म्हणून तो अंगाला चिकटून बसणारा आणि पातळ हवा.

सुती बनियन इथे सर्वांत कुचकामी. सूत पाणी शोषून धरून ठेवते, जड होते आणि लवकर वाळत नाही. उन्हाळ्यात जे सुख, तेच थंडीत दुःख. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही; घाम धाग्यांच्या फटींतून बाहेर पसरतो आणि उडून जातो. खेळाडूंसाठी मिळणारे ‘ड्राय फिट’ म्हणून ओळखले जाणारे साधे टी-शर्ट याच जातीचे आहेत आणि ते पुरेसे काम देतात. दोष एकच, त्यांना घामाचा वास लवकर लागतो.

मेरिनो लोकर महाग, पण गुणी. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि ओली झाली तरी बरीच ऊब राखते. हे धनगरांना सांगण्याची गरज नाही. पावसात-दवात मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसाच्या खांद्यावर घोंगडी असते, सुती चादर नसते, ती याच कारणाने.

तिसरा पर्याय जाळीच्या बनियनचा. नॉर्वेत १९३३ मध्ये हेन्रिक ब्रून नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यापासून बनियन तयार केली. जाळीच्या घरांत हवा अडकते आणि वरचा ओला कपडा थेट अंगाला लागत नाही. तीच कल्पना आजही थंड देशांत वापरली जाते. मात्र आपल्याकडची जाळीची बनियन बहुधा सुती असते, त्यामुळे जाळी असली तरी धागा कोणता ते पाहावे.

मधला थर : ऊब धरणारा

या थरात हवा अडकली पाहिजे. लांब बाह्यांची सायकल जर्सी, आतून मऊ लव असलेला पातळ फ्लीस किंवा घरातला पातळ लोकरी स्वेटर चालतो. पुढे पूर्ण चेन असणे मात्र महत्त्वाचे. चढावर चेन छातीपर्यंत उघडता येते, उतारावर गळ्यापर्यंत लावता येते. डोक्यातून घालायच्या बंद गळ्याच्या स्वेटरला ही सोय नाही. तो काढायचा तर हेल्मेटपासून सगळे उतरवावे लागते.

दोन पातळ कपडे एका जाड कपड्यापेक्षा अधिक उबदार ठरतात, कारण दोघांच्या मधे हवेचा आणखी एक थर तयार होतो. पण कपडे एकमेकांवर आवळून बसले तर ती हवाच राहत नाही. वरचा कपडा आतल्यापेक्षा थोडा सैल असावा.

बाहेरचा थर : वारा अडवणारा

तिसऱ्या थराचे काम वाऱ्याला रोखणे. घडी करून मुठीत मावणारे, जर्सीच्या मागच्या खिशात बसणारे पातळ विंडचीटर महाराष्ट्रातल्या थंडीला पुरते. बिनबाह्यांचे जाकीट तर त्याहून सोयीचे. ते छाती आणि पोट झाकते, काखा मोकळ्या ठेवते आणि सिग्नलला थांबल्या थांबल्या काढता येते.

अनेक जण घरातला पावसाळी रेनकोट बाहेर काढतात. तो वारा अडवतो हे खरे, पण आतली वाफही अडवतो. वीस मिनिटांत आतून पाणी सुटते आणि माणूस पावसाशिवाय भिजतो. घाट उतरण्यापुरता, दहा-पंधरा मिनिटांसाठी रेनकोट चालेल, चढताना नाही.

थर कधी काढायचे, कधी चढवायचे?

घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, हा अनुभवी सायकलस्वारांचा नियम आहे. दारातच ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झाला असे समजावे. पहिली दहा-पंधरा मिनिटे सहन केली की शरीर स्वतःच तापते.

दुसरा नियम वेळेचा. घाम येण्याआधी थर काढावा आणि थंडी वाजण्याआधी तो घालावा. पुण्याहून सिंहगडाकडे निघालेल्याने खडकवासल्याच्या मोकळ्यावरचा वारा खाईपर्यंत विंडचीटर ठेवावे, पण घाट सुरू होण्याआधी ते काढून खिशात टाकावे. चढावर घामेजल्यावर थांबून काढण्यात अर्थ नाही. तोवर आतला थर भिजलेला असतो. माथ्यावर पोहोचल्यावर मात्र उलटे करावे. आधी जाकीट, मग फोटो, मग पिठले-भाकरी आणि ताक. घाम निथळत असताना गडावरच्या वाऱ्यात अर्धा तास उघड्याने बसणे ही सर्वांत नेहमीची चूक. लांबच्या फेरीत एक कोरडा टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेला आणि माथ्यावर बदलला, तर उतार सुखाचा होतो.

किती अंशाला काय घालावे?

व्यक्तीप्रमाणे, वयाप्रमाणे आणि वेगाप्रमाणे यात फरक पडतो. तरी सुरुवात करणाऱ्यांसाठी हा ढोबळ अंदाज उपयोगी पडेल.

१८ ते २२ अंश : अर्ध्या बाह्यांची जर्सी किंवा टी-शर्ट आणि हातात चढवायच्या वेगळ्या बाह्या, म्हणजे आर्म स्लीव्ह्ज. ऊन आले की त्या मनगटापर्यंत ढकलायच्या.

१४ ते १८ अंश : आत पातळ थर, वर जर्सी, खिशात विंडचीटर. गुडघे झाकलेले असलेले बरे.

१० ते १४ अंश : आतला थर, लांब बाह्यांचा मधला थर, बिनबाह्यांचे जाकीट, पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे, कान झाकणारी पट्टी, पायात लांब टाइट्स.

१० अंशांखाली : तिन्ही थर, जाड हातमोजे, हेल्मेटखाली पातळ टोपी, गळ्याला बफ आणि लोकरी पायमोजे.

संथ चालवणाऱ्याने, लहान मुलांनी आणि ज्येष्ठांनी यात एक थर वाढवावा. कारण त्यांच्या शरीरात तयार होणारी उष्णता कमी असते.

हात, पाय, कान यांना वेगळी काळजी का?

थंडी वाजली की शरीर आधी हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांची ऊब राखते. त्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा आवळला जातो. म्हणून छाती गरम असूनही बोटे बधिर होतात. सायकलवर हा केवळ गैरसोयीचा नव्हे तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ब्रेक बोटांनीच दाबायचा असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरणारी सायकल एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. गारठलेल्या बोटांनी ब्रेक एका सेकंदाने उशिरा लागला, तर घाटातल्या वळणावर ते ११ मीटर महागात पडतात. मात्र हातमोजे इतकेही जाड नसावेत की ब्रेक आणि गिअरचा अंदाजच येणार नाही.

पायांत दोन-दोन पायमोजे घालण्याचा मोह टाळावा. बूट घट्ट झाले की रक्तप्रवाह आणि हवा दोन्ही कमी होतात आणि पाय उलट अधिक गार पडतात. एकच जोड, पण लोकरी, हे उत्तम. सायकलच्या बुटांना हवेसाठी भोके असतात. ती आतून चिकटपट्टीने बंद केली तरी फरक पडतो.

गुडघ्यांवर ना जाड स्नायू, ना चरबी. समोरचा वारा थेट सांध्यावर येतो. म्हणून अनेक प्रशिक्षक गार हवेत गुडघे झाकायला सांगतात.

डोक्याबाबत एक समज जुना आहे, की शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते. ते खरे नाही. डोक्याचा पृष्ठभाग शरीराच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका, आणि उष्णताही त्याच प्रमाणात जाते. पण कान आणि कपाळ वाऱ्याला लवकर जाणवतात, म्हणून ते झाकावेत. हेल्मेटखाली जाड लोकरी कानटोपी किंवा माकडटोपी घालू नये. हेल्मेट वर उचलले जाते, पट्टा सैल बसतो आणि पडल्यावर ते जागेवर राहत नाही. टोपी पातळ असावी आणि ती घालूनच पट्टा पुन्हा जुळवावा.

गार, कोरडी हवा एकदम आत गेली की दम्याचा त्रास असलेल्यांच्या श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. नाका-तोंडावर बफ किंवा रुमाल ओढला तर आत जाणारी हवा थोडी गरम आणि दमट होते. थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाबही वाढतो. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर निघावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

थंडीने शर्यतीचा निकाल बदलतो का?

बदलतो. सर्वांत गाजलेले उदाहरण ५ जून १९८८चे. ‘जिरो द इटालिया’ या इटलीतल्या शर्यतीचा त्या दिवशीचा टप्पा २,६०० मीटरहून उंच गाविया खिंडीतून जाणार होता. जून महिना असूनही वर हिमवर्षाव सुरू झाला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघाने अंदाज ओळखून स्कीच्या दुकानांतून गरम कपडे आणि हातमोजे घेऊन ठेवले होते. नेदरलँड्सचा योहान व्हॅन डर वेल्डे खिंडीच्या माथ्यावर सर्वांत पुढे होता, पण अपुऱ्या कपड्यांत. उतारावर त्याला थांबून आसरा घ्यावा लागला आणि तो पाऊण तासाहून अधिक मागे पडला. टप्पा नेदरलँड्सच्याच एरिक ब्रोयकिंकने जिंकला. पण हॅम्पस्टनच्या अंगावर त्या दिवशी आघाडीची गुलाबी जर्सी आली आणि पुढे ती शर्यत जिंकणारा तो पहिला अमेरिकी ठरला. चढावरची आघाडी उतारावर गेली, ती पायांतल्या ताकदीअभावी नव्हे.

युरोपातल्या शर्यतींतली आणखी एक जुनी युक्ती वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना आवडेल अशी आहे. डोंगरमाथ्यावर प्रेक्षक सायकलपटूंच्या हातात वर्तमानपत्र देत आणि ते जर्सीखाली छातीवर सरकवून सायकलपटू उतार उतरत. कागद वारा अडवतो, थोडा घाम शोषतो आणि खाली पोहोचल्यावर काढून टाकता येतो. जाकीट विसरलेल्याला ही युक्ती आजही उपयोगी पडते. फक्त त्यासाठी छापील अंकच लागेल. मोबाइलवरचा ई-पेपर या कामाचा नाही.

रोज कामाला सायकलने जाणाऱ्यांचे काय?

थंडीत सायकल चालवणारे सगळेच हौशी नसतात. पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले, पहिल्या पाळीला कारखान्यात जाणारे कामगार, सकाळच्या शाळेसाठी वाडी-वस्तीवरून येणाऱ्या विद्यार्थिनी, या सर्वांना रोज याच गारठ्यातून जावे लागते. त्यांच्यासाठीही तत्त्व तेच आहे आणि त्याला महागडे कपडे लागत नाहीत. आत पॉलिस्टरचा खेळाचा टी-शर्ट, वर गणवेश किंवा सदरा, त्यावर पुढे चेन किंवा बटणे असलेला स्वेटर आणि सर्वांत वर साधे विंडचीटर. स्वेटर वर आणि विंडचीटर आत, असे उलटे घातले तर वारा लोकरीतून आरपार जातो आणि ऊब राहत नाही. क्रम महत्त्वाचा.

दोन धोके मात्र याच कपड्यांतून येतात. मफलर, शाल आणि ओढणी यांची मोकळी टोके चाकात किंवा चेनमध्ये अडकून गंभीर अपघात होतात. मफलर स्वेटरच्या आत खोचावा, ओढणीला मागे गाठ मारून ती कमरेशी बांधावी, पँटचा उजवा पाय चेनच्या बाजूला असल्याने तो रबराने किंवा क्लिपने आवळावा.

दुसरा धोका रंगाचा. गरम कपडे बहुधा काळे, निळे, तपकिरी असतात आणि हिवाळ्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो. अंधारात, धुक्यात काळ्या जाकिटातला सायकलस्वार ट्रकचालकाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. सर्वांत बाहेरचा थर फिकट किंवा भडक रंगाचा असावा, त्यावर प्रकाश परतवणारी पट्टी असावी आणि मागे लाल दिवा लावावा. लांब पल्ल्याच्या बीआरएम उपक्रमांत रात्री परावर्तक जाकीट सक्तीचे असते, ते उगाच नाही.

धोक्याची लक्षणे कोणती?

शरीराचे आतले तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फच पडावा लागतो असे नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की दहा-बारा अंशांतही त्याकडे वाटचाल सुरू होऊ शकते. आधी न थांबणारी कापरी भरते. मग बोटांनी चेन किंवा बटण लावता येत नाही, बोलणे अडखळते, साधे निर्णय चुकू लागतात. गटातला एखादा जण अचानक गप्प झाला, मागे पडू लागला किंवा विचित्र उत्तरे देऊ लागला, तर त्याला पुढे रेटू नये. थांबवावे, आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, गोड गरम पेय द्यावे. कापरी थांबूनही गुंगी वाढत असेल, तर ती सुधारणा नव्हे. तातडीने रुग्णालय गाठावे.

थंडीत तहान कमी लागते, पण घाम जातच असतो. पाण्याची बाटली भरलेली ठेवावी आणि दर अर्ध्या तासाला दोन घोट घ्यावेत.

निघण्याआधी काय तपासावे?

कपाट उघडण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत. पहाटेचे किमान तापमान किती आणि परतताना ते किती असेल? वाटेत चढ आहे का आणि त्यानंतर लगेच उतार आहे का? काढलेला कपडा ठेवायला खिसा किंवा पिशवी आहे का? अंगाला लागणारा कपडा सुती तर नाही ना?

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर तापमान, घातलेले कपडे आणि कुठे थंडी वाजली किंवा कुठे घाम आला, एवढे मोबाइलमध्ये टिपून ठेवावे. पुढच्या आठवड्यात पारा पुन्हा तिथेच आला की अंदाज बांधावा लागत नाही. एकाला १२ अंशाला जे पुरते, ते दुसऱ्याला पुरेल असे नाही. ज्याचे त्याने आपले कोष्टक करायचे असते. त्यात एकच ओळ सर्वांसाठी सारखी आहे. घाट चढताना खिशात जाकीट नसेल, तर माथ्यावर फार वेळ थांबू नये आणि उतार सावकाश उतरावा.